मांडलेले रिकामे ताट

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की आपल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. नाताळच्या दिवशी जेवायला किती माणसे? थोरल्या काकांकडचे पाच, मुंबईहून येणारे तीन, आत्याबाई गुडघे दुखत नसतील तर येतील, नाहीतर डबा पाठवायचा. हिशेब चुकलाच तर कमी पडायला नको, म्हणून घरची बाई दोन माणसांचे जास्तच शिजवते. ताटे मात्र मोजून तेवढीच निघतात. जेवढी माणसे, तेवढी ताटे. यात काही वावगे आहे असे आम्हा नवराबायकोला कधी वाटले नव्हते. २०१८ च्या नाताळात पोलंडमधील एका घरी हा हिशेब मुद्दाम एकाने चुकवलेला आम्ही पाहिला. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. उत्तर सापडले म्हणून हे लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

आम्ही तिथे कसे पोहोचलो ते थोडक्यात सांगायला हवे. २०१६ च्या जुलैत क्राकूव शहरात जागतिक युवा दिन भरला होता. आमची थोरली मुलगी त्याला गेली होती आणि तिथल्या एका कुटुंबात राहिली होती. पहिल्याच रात्री त्या घरच्या आजीने तिला विचारले, भारतात कुठे? मुलीने मुंबई सांगितले. आजीने मान हलवली आणि म्हणाली, कोल्हापूर, वळिवडे. मग बोटांवर मोजत तिने एक, दोन, तीन म्हणून दाखवले, थेट मराठीत.

आपल्यापैकी पुष्कळांना ही हकिकत ठाऊक नसेल. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत रशिया चालून गेले. रशियाच्या ताब्यातील भागातून १९४० आणि १९४१ मध्ये लाखो माणसांना आगगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. त्यातून जी वाचली, त्यांतील कित्येक पुढे इराणमार्गे बाहेर पडली. काही हजार भारतात आली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला, ते नाव थोडेफार ऐकिवात आहे. पण सर्वांत मोठी वसाहत आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली, बहुतेक बायका आणि मुले. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. ही आजी सहा वर्षांची असताना आईचा हात धरून तिथे आली आणि अकरा वर्षांची असताना गेली. तिच्या वडिलांचे काय झाले ते घरात कधी कळले नाही.

आम्हाला आलेले आमंत्रण हे असे जुन्या ओळखीचे होते, जरी ती ओळख आमची नव्हती. आमच्या बापजाद्यांनी वळिवड्याला काही केले नव्हते. आम्ही वसईचे, कोल्हापूर आम्ही अंबाबाईच्या देवळासाठी आणि चपलांसाठी ऐकून होतो. तरीही त्या घरात आम्हाला जी माया मिळाली, ती जणू कोणी तरी ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या नावावर जमा करून ठेवली होती. न केलेल्या उपकाराची परतफेड घ्यायची वेळ आली की माणूस अवघडतो. आम्ही पंधरा दिवस अवघडूनच होतो.

तिथे नाताळचा मोठा सोहळा पंचविसाला नसतो, चोवीस तारखेच्या संध्याकाळी असतो. तिला विगिल्या म्हणतात, म्हणजे जागरणाची संध्याकाळ. तेव्हा तो कामाचा दिवस असे, सुट्टी २०२५ पासून कायद्याने मिळू लागली. त्यामुळे घरचा कर्ता पुरुष दुपारी दोनला कामावरून आला आणि थेट न्हाणीघरात गेला, कारण न्हाणीच्या टबात दोन दिवसांपासून एक मोठा कार्प मासा पोहत होता. हा मासा आपल्या रोहूच्या गोतातला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात तो घरोघरी नाताळचा मासा झाला. ताजा राहावा म्हणून जिवंतच आणतात. धाकट्या नातवाने त्याला नावही ठेवले होते, त्यामुळे पुढचे काम दार लावून झाले. आम्ही दोन दिवस बादलीतल्या पाण्याने अंग पुसले, ही तक्रार नव्हे, नोंद.

दिवसभर सर्वांचा उपवास. संध्याकाळच्या जेवणात मांस नाही. चर्चच्या नियमाने आता ही सक्ती नाही, पण घरे पाळतात. पांढऱ्या चादरीखाली सुके गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. आजीने सांगितले, वळिवड्यालाही आम्ही गवत घालायचो, तिथे गवताला तोटा नव्हता, सुचिपर्णी झाड मात्र नव्हते, मग मिळेल त्या झाडाची फांदी. तिथे डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले खिडकीला नाक लावून बसतात आणि पहिला तारा दिसला की ओरडतात. त्या दिवशी आभाळ भरलेले होते, तारा काही दिसेना. मग नातवाने समोरच्या इमारतीवरचा दिवा तारा म्हणून जाहीर केला आणि सर्वांनी तो मान्य केला. भुकेपुढे खगोलशास्त्र चालत नाही.

जेवणाआधी एक विधी होतो, त्यावर थोडे थांबायला हवे. पीठ आणि पाणी यांची पातळ पोळी असते, ओस्तीसारखीच, पण अभिषेक न केलेली. तिच्यावर येशूजन्माचे चित्र उमटवलेले असते. तिला ओप्वातेक म्हणतात. धर्मग्रामातूनच ती घरी येते. प्रत्येक जण आपली पोळी हातात घेतो आणि घरातल्या प्रत्येकाकडे जातो. दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा आपण मोडायचा, आपल्या पोळीचा त्याने, आणि त्याला पुढच्या वर्षासाठी काय हवे ते तोंडाने मागायचे. नुसते नाताळच्या शुभेच्छा म्हणून भागत नाही. तुझी परीक्षा नीट पार पडो, तुझ्या पाठीचे दुखणे थांबो, असे नाव घेऊन बोलावे लागते. त्या घरात कर्ता आणि त्याचा मेहुणा यांच्यात जमिनीच्या कसल्याशा वाटणीवरून बोलणे नव्हते. ते दोघे समोरासमोर आले तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली. काय बोलले ते आम्हाला समजले नाही, मोजून चार शब्द असावेत. पोळी मात्र मोडली. आम्हा परक्यांसमोर त्यांना हे करावे लागले याचा आम्हाला संकोच वाटत होता. नंतर मुलीने सांगितले, परके होते म्हणून तर टाळता आले नाही. आमची पाळी आली तेव्हा आजी म्हणाली, तुमच्या भाषेत बोला. आम्ही मराठीत तिला आरोग्य मागितले आणि तिने मान डोलावली, तिला कितपत कळले कोण जाणे.

टेबलावर आम्ही धरून दहा माणसे होती आणि ताटे अकरा. अकराव्या ताटापुढे चमचा, काटा, पेला, घडी घातलेला रुमाल, सारे व्यवस्थित. हे ताट अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी असते. कोणी म्हणतात वाटसरूसाठी, कोणी म्हणतात सायबेरियात गेलेल्यांसाठी, कोणी म्हणतात घरातल्या मृतांसाठी. रीत एकच, अर्थ अनेक. आम्ही गमतीने म्हणालो, ते आमचेच असेल. आजीने हसून आमच्या ताटांकडे बोट दाखवले. त्यांवर चिठ्ठ्यांवर आमची नावे लिहिलेली होती. आमची तारीख ठरलेली होती, तिकीट होते, व्हिसाच्या अर्जाला त्यांचे पत्र जोडलेले होते.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे आणि आपण तो उगाचच सरसकट वापरतो. अतिथी. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी त्याची फोड आपले जुने लोक करत आले आहेत. तिथी ठरवून येतो तो पाहुणा. आम्ही पाहुणे होतो. अकरावे ताट अतिथीचे होते.

बीटाचे लाल सूप झाले, त्यात कानाच्या पाळीसारख्या छोट्या करंज्या असतात. हेरिंग झाला. कोबी आणि अळिंबी भरलेल्या उकडलेल्या करंज्या, पिएरोगी, येत होत्या. बारा प्रेषितांच्या नावाने बारा पदार्थ, आणि प्रत्येकाची चव घ्यावीच लागते. अशात दाराची घंटा वाजली. सगळे एकदम थांबले आणि मग हसले, कारण सर्वांची नजर एकाच ठिकाणी गेली होती.

दारात एक पंचविशीचा मुलगा उभा होता. वरच्या मजल्यावर चार-पाच युक्रेनी कामगार भाड्याने राहत होते, त्यांतला एक. किल्ली आत राहून दार बंद झाले होते, सोबती रात्रपाळीला गेले होते आणि फोनची बॅटरी संपली होती. फोन थोडा चार्ज करून मिळेल का, एवढेच त्याचे मागणे. त्याचा नाताळ त्या दिवशी नव्हताच. तेव्हा त्यांच्याकडे तो जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला असे. घरच्या कर्त्याने त्याला आत यायला सांगितले. तो दोन पावले आत आला, टेबल पाहिले, आमचे ठेवणीतले कपडे पाहिले आणि परत दाराकडे सरकला. आजी म्हणाली, बस. तो म्हणाला, नको, नको, मी बाहेर थांबतो. कर्त्याने फोन घेऊन भिंतीला लावला, त्याला बाहेरच्या मार्गिकेत स्टूल दिले आणि सूनबाईने डब्यात पिएरोगी भरून दिल्या. अर्ध्या तासाने फोन घेऊन तो आभार मानून गेला. कोणी वाईट बोलले नाही, कोणी दार आपटले नाही. मागितले त्यापेक्षा त्याला जास्तच मिळाले.

पण त्यानंतर आजी फारशी बोलली नाही. आणि भांडी आवरताना मायलेकींत कुजबुजत वाद झाला. मुलगी म्हणत होती, तुम्ही त्याला एकदाच विचारलेत. आई म्हणत होती, तोच नको म्हणाला.

आपल्याकडे हा वाद झालाच नसता, कारण पहिल्या नकाराला आपण नकार समजत नाही. आग्रह हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. पानावर बसलेला माणूस नको म्हणत असतो आणि वाढणारी वाढत असते. म्हणजे नियम आम्हाला ठाऊक होता. त्या टेबलावर दुसऱ्यांदा विचारा असे सांगू शकणारे कोणी असेल, तर ते आम्ही. आम्ही गप्प बसलो. भाषा येत नव्हती हे निमित्त झाले. खरे सांगायचे तर तो जाताना आम्हाला हायसे वाटले. इतक्या लांबून आलो होतो, ती संध्याकाळ आम्हाला जशीच्या तशी, अखंड हवी होती. ते रिकामे ताट रिकामे दिसण्यात एक शोभा होती आणि तो बसला असता तर ती मोडली असती. हे आम्ही दोघांनी एकमेकांजवळ कबूल केले ते परतीच्या विमानात.

तर प्रश्न असा. जे ताट मांडायचे पण भरण्याची मनापासून तयारी नाही, ते मांडावे की मांडू नये?

कडक माणूस म्हणेल, मांडू नका. ते ढोंग आहे. उलट ताट मांडले की मनाला वाटते आपले कर्तव्य झाले, आणि दारातल्या माणसाला स्टूल देऊन भागते. यात तथ्य आहे. आपण गोठा सजवतो, त्यावर हजारो रुपये खर्च करतो, स्पर्धा लावतो. ज्या जोडप्याला उतरायला जागा मिळाली नाही त्याचा तो देखावा असतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने तो फाटकाबाहेरूनच पाहावा अशी आपली सोय असते.

पण दुसरी बाजू आम्हाला तितकीच खरी वाटते. ताट नसते तर त्या रात्री काय झाले असते? मुलाला फोन चार्ज करून मिळाला असता, डबाही मिळाला असता आणि सगळे पोटभर जेवून मिस्साला गेले असते. आजी गप्प झाली नसती, मायलेकी भांडल्या नसत्या, आणि इतक्या वर्षांनी आम्ही हे लिहीत बसलो नसतो. आमच्या स्वतःच्या घरून अशी किती माणसे परत गेली असतील, त्यांतील एकही आम्हाला आठवत नाही. ताट नव्हते ना. मोडलेले वचन टोचते, न दिलेले वचन टोचत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ साली चिरशांतीवर लिहिताना पाहुण्याच्या हक्काचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे की परक्या माणसाला आपल्या दारी येण्याचा हक्क आहे, त्याला शत्रू समजू नये, पण आपला पाहुणा करून घ्या असे म्हणण्याचा हक्क त्याला नाही. त्याचा घात होत नसेल तर त्याला परतही पाठवता येते. या मापाने त्या घराने सारे काही केले होते. कांटला आजीच्या गप्प होण्याचा उलगडा झाला नसता.

त्याच्या बाराशे वर्षे आधी संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, ते आम्हाला अधिक व्यवहारी वाटतात. येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्त समजून स्वीकारावा असे ते म्हणतातच. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. पाहुणे अवेळी येतात आणि मठाला त्यांचा कधी तोटा नसतो, म्हणून त्यांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवा, म्हणजे इतरांचा खोळंबा होणार नाही. दारावर एक शहाणा म्हातारा माणूस बसवा, आणि कोणी दार ठोठावले की त्याने लगेच देवाचे आभार मानावेत. म्हणजे कोण आले आहे ते पाहण्याआधीच. दार उघडून, माणूस न्याहाळून, मग आभार मानायचे की नाही ते ठरवायला त्याला सवडच ठेवलेली नाही.

न्याहाळणे, इथेच खरी अडचण आहे. २०२१ च्या हिवाळ्यात बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात इराक, सीरिया, अफगाणिस्तान इथून आलेली माणसे अडकली, काही थंडीने मेली. सीमेजवळच्या काही पोलिश घरांनी खिडकीत हिरवा दिवा लावला, इथे मदत मिळेल अशी ती खूण. सरकारने पुढच्या वर्षी पोलादी कुंपण पुरे केले. आमच्या यजमानांच्या घरात त्यावरून मोठा वाद झाला, असे त्यांच्या मुलीने कळवले. वडिलांचे म्हणणे, सरकार काय ते बघेल. आणि त्याच वडिलांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी काढून सीमेवर जाऊन एक आई आणि दोन मुले घरी आणली. आम्ही राहिलो होतो त्याच खोलीत ती सात महिने राहिली. एकाच माणसाने दोन्ही केले. तो ढोंगी आहे असे आम्हाला म्हणवत नाही. आम्ही तरी काय केले? मे २०२० मध्ये वसईहून उत्तरेकडे जाणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठी माणसे उन्हात रांगा लावून बसली होती. तेव्हा आम्ही आमच्या फाटकाला आतून कुलूप लावले होते. रोगाची भीती होती, ती खरी होती. पण बाहेर पाण्याचा माठ ठेवायला रोग आड येत नव्हता, हे शेजारच्या म्हातारीने ठेवला तेव्हा आम्हाला सुचले.

आजीला आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीच्या मदतीने विचारले होते, वळिवड्याला तुम्हाला लोक कसे वागवायचे? आम्हाला वाटले, आता काही तरी गोड ऐकायला मिळेल. ती म्हणाली, आम्हाला कोणी बोलावले नव्हते, आणि कोणी हाकललेही नाही. बाजारातल्या बाया केळ्यांची फणी देताना एक जास्तीचे घालत. मग म्हणाली, तुमचा देश तेव्हा तुमच्या ताब्यात नव्हता ना? खरेच नव्हता. आणि १९४३ साल म्हणजे बंगालच्या दुष्काळाचे साल. आधी आपले पाहू, मग परक्यांचे, हा हिशेब तेव्हा मांडला असता तर त्याला खोडून काढणे कठीण होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आजी गेली. त्या नाताळानंतर मुलीचा फोन आला. म्हणाली, यंदा दोन ताटे रिकामी मांडली. आधी सर्वांनी ठरवले होते की रिकामे ताट आता आजीचे. पण तिच्या आईला ते पटेना. ती म्हणाली, ते ताट आजीचे झाले तर दारात आलेल्याला तिथे बसवायचे माझे मन होणार नाही, आणि आजीला ते आवडणार नाही. म्हणून आजीचे वेगळे, आणि कोणाचे नाही ते वेगळे. जेवण झाल्यावर दोन्ही ताटे इतरांबरोबर धुतली.

यंदा आमच्याकडे चौदा माणसे आहेत. ताटे पंधरा काढून पुसून ठेवली आहेत. मात्र पंधरावे मांडायचे की नाही यावर आम्हा दोघांचे अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, मांडू या, टोचेल तेव्हा टोचेल. दुसरीचे म्हणणे, आधी फाटकाची कडी काढून ठेवा आणि कुत्रा मागच्या पडवीत बांधा, मग ताटाचे बोलू. कुत्रा कोणी बांधायचा, यावर काल रात्री गाडी अडली आहे.